पिसाचा मनोरा आणि दाजींची कमान

आमचं तालुक्याचं गाव उद्याच जिल्हा होणार, असं दाजींना रोज सकाळी वाटतं. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, मठाच्या कमिटीचे अध्यक्ष. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि हे मठासमोरची पायऱ्यांची जुनी बारव बुजवून तिथं जिल्ह्याची स्वागतकमान बांधायला निघाले होते! त्या दुष्काळात अख्खी गल्ली त्याच बारवेवर जगत होती. "कमान कशी असावी ते इटलीतच बघावं," म्हणून दाजींनी सहल ठरवली. अक्का मला म्हणाली, "तू संगं जा, बाबा. ह्यांच्या डोक्यातलं खूळ काढ."

फ्लॉरेन्सहून पिसाला साध्या गाडीनं तासाभरात पोचतो. स्टेशनवरून चालतच जा. मनोऱ्यावर चढायचं तिकीट महाग, खालून बघणं फुकट. आम्ही खालूनच बघितला. मार्गेरिटा पिझ्झ्यात मांस नसतं. आम्ही वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली, तेव्हा कुठं घशाखाली उतरला.

हिरवळीवर सगळा पांढराशुभ्र संगमरवर. कॅथेड्रलमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, वर सोनेरी छत. मी मान वर करून बघतच राहिलो. दाजी मात्र खांबाला वीत लावून बघत होते. शेजारी बाप्तिस्म्याची गोल इमारत आहे. तिथल्या संगमरवरी व्यासपीठाचे काही खांब चक्क सिंहांच्या पाठीवर उभे, आणि मधोमध कोरीव अष्टकोनी हौद. तिथला रखवालदार गातो आणि घुमट ते सूर परत देतो. तो थांबला तसे दाजी ओरडले, "जिल्हा झालाच पाहिजे!"

"पाहिजे... पाहिजे..." घुमट म्हणाला. इतक्या वर्षांत या मागणीला पहिल्यांदाच कुठून तरी उत्तर आलं.

हौद कोरडा ठणठणीत होता. "मग बुजवत का न्हाईत?" दाजींनी विचारलं. मी ते इंग्रजीत सांगितलं, तर तिथं घेतलेल्या गाईडबाईंना वाटलं मी चेष्टा करतोय. मनोऱ्यापाशी त्या म्हणाल्या, खालची जमीन भुसभुशीत, म्हणून तो बांधतानाच कलला.

"ऐकलं का दाजी? बारवेतही भरावच पडणार."

"हॅ! आपला ठेकेदार काय इटलीचा हाय का?"

परतलो तर ठेकेदारानं बारव बुजवलेली. दाजींनी जातानाच सांगून ठेवलं होतं. मला कळलं तेव्हा असा संताप आला! अक्का तर त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

पुढं कमान झाली. जिल्हा काही झाला नाही. एका पावसाळ्यात कमान डावीकडं कलली आणि पोरं तिला हात लावून फोटो काढायला लागली. "लोक असलं बघायला पैसे घालून पिसाला जातात," दाजी आजही ऐटीत सांगतात.

परवा अक्का कमानीखाली घागर घेऊन टँकरची वाट बघत होती. मी म्हणालो, "अजून थोडी कलली बघ."

"कलंल न्हाई तर काय," अक्का म्हणाली. "वाकून बघायलीय ती, खाली पाणी हाय का म्हणून."