बोटांवरचे घट्टे

काल नवी वजरी विकत आणली. तिचा खरखरीत स्पर्श हाताला होताच जुना राग उसळून आला.

तेव्हा नागपुरात मी गिटार शिकू लागले होते. नवशिक्याची बोटे आधी तारांनी सोलवटतात, मग त्यांच्या टोकांना घट्टे पडतात आणि त्यानंतरच सूर स्वच्छ उमटतो. माझे घट्टे नुकतेच धरले होते, आणि आदल्या संध्याकाळी पहिला सूर न खरखरता वाजला होता.

त्या सकाळी मला पाहायला पाहुणे येणार होते. काकूने माझा हात उलटा करून पाहिला.

"काहून वं, विहिरीचा दोर ओढून राहिली का तू? पाहुण्यांले हेच दाखवू?"

तिने माझी बोटे गरम पाण्यात बुडवली आणि वजरीने घासली.

"काकू, दुखते!"

"दुखू दे. लग्न झाल्यावर वाजवजो."

पाहुण्यांनी माझ्या हातांकडे पाहिलेही नाही. संध्याकाळी तार दाबली, तर सुराऐवजी रक्त आले.

मला हौसेने गिटार घेऊन देणारे बाबा सकाळी समोरच चहा पीत बसले होते. तेव्हा मला काकूचा राग आला होता. आज बाबांचा येतो. वजरी टाचांसाठी असते, एवढे तरी त्यांनी म्हणायला हवे होते.