ऐकायलाही बंदी

इस्त्रीवाल्या बाईंना लोक पाठीमागे 'वाफ' म्हणायचे. हे बाईंना ठाऊक होतं आणि त्याचाही त्यांना राग होता. राग कशाचा नव्हता? खिशातलं पेन न काढता शर्ट टाकून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा होता. नेमक्या हॉटेलच्या चादरी टेबलावर असतानाच जाणाऱ्या विजेचा होता. आणि अलीकडे तर अख्ख्या विमानतळाचाच होता. धावपट्टी लांबवायची म्हणून भिंतीलगतची सगळी दुकानं उठवली, त्यात बाईंची लाँड्रीही गेली. ज्या कंपनीच्या हवाई सुंदरींचे कोट इतकी वर्षं दाबून दाबून सरळ केले, तिच्याच विमानांना आता बाईंच्या टेबलाची जागा हवी होती.

त्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक रेडिओ असायचा. गाण्यांचा नव्हे. वैमानिक आणि टॉवर यांचं आपसातलं बोलणं पकडणारा, मुठीत मावणारा, वर काळी अँटेना असलेला. स्कॅनर म्हणतात त्याला. नवरा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, त्याने तो जुन्या बाजारातून उचलून आणला होता. नवरा लवकर गेला, रेडिओ राहिला. इस्त्री करताना हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून बाई दिवसभर ऐकायच्या. लेक टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि कंटाळा आला की पाणी मारायची बाटली तोंडाशी धरून खोटी खोटी विमानं उतरवायची. पुढे ती पोर शिकली, परीक्षांमागून परीक्षा देत गेली आणि खरोखरच टॉवरमध्ये जाऊन बसली. तिचा आवाज पहिल्यांदा रेडिओवर आला तेव्हा बाईंनी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना दटावून गप्प केलं होतं. त्यातल्या एकाला तर घाईने गाडी पकडायची होती. त्याने मुकाट्याने ऐकलं.

आता इथे गाडं सुखाने चालायला हवं होतं. पण बाई त्या बाईच.

एके दिवशी एका वैमानिकाला थांबायला सांगितलं म्हणून तो लेकीला म्हणाला, "मॅडम, झोप झाली असेल तर आम्हाला सोडता का?" लेकीने शांतपणे त्याला रांगेतला त्याचा नंबर सांगितला आणि विषय संपवला. तिचा संपला. इकडे दुकानात बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी इस्त्री उभी केली, विमानतळाच्या कचेरीला फोन लावला आणि साहेब फोनवर येईपर्यंत तो सोडला नाही. "त्या तुमच्या वैमानिकाला म्हणावं, माझ्या लेकीशी नीट बोल. रात्रपाळी करून पोर बसलीय तिथे. झोप काढते म्हणे! ये म्हणावं खाली, दाखवते."

अशी तक्रार त्या कचेरीत त्याआधी कधी आली नव्हती. साहेब हसला, मग साहेबाचा साहेब हसला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही बाई टॉवरचं बोलणं ऐकते कशी, आणि लेकीला आत बोलावून त्याचा जाब विचारला गेला. हेही एकवेळ विरलं असतं. पण आठवडाभर वैमानिकांना चेवच चढला. "उड्डाणाला परवानगी" असं लेक म्हणायची आणि वरून उत्तर यायचं, "तुमची की आईंची?" बाई हेसुद्धा ऐकत होत्या. एका पांढऱ्या शर्टाची पाठ त्यांनी त्या आठवड्यात जाळली.

लेक दुकानात आली ती चपला न काढता.

"तो रेडिओ फेकून दे."

"फेकून दे? या रेडिओने तुला नोकरी दिली."

"नोकरी मी मिळवली. तू ती घालवायला निघालीस. यापुढे माझं एक अक्षर ऐकायचं नाही."

"नाही ऐकत जा! फेकला! हा बघ, फेकला!" असं म्हणून बाईंनी रेडिओ खरोखर कचऱ्याच्या डब्यात टाकला. लेक गेली. तिची पाठ वळताच बाईंनी तो बाहेर काढून पदराने पुसला. त्यानंतर दोन वर्षं दोघींत शब्द नाही. लेक राहायला दुसरीकडे गेली. फोन कुणी आधी करायचा यावर दोघीही अडून बसल्या, आणि अडून बसण्यात मायलेकी एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.

तरी बाईंना रोज लेक भेटत होती. सर्दी झाली की कळायचं. रात्रपाळीनंतरचा थकलेला आवाज कळायचा. कधीतरी एखाद्या वैमानिकाशी ती दोन शब्द हसून बोलली की बाईंचा दिवस बरा जायचा, आणि लगेच रागही यायचा, की परक्याशी हसतेस आणि आईशी बोलत नाहीस.

दुकान गेलं तेव्हा बाईंच्या थोरल्या मुलाने तिकीट पाठवलं. तो दूरच्या शहरात होता. "आई, आता तिथे काय राहिलंय? कायमची ये." बाईंना काय राहिलंय ते सांगता आलं नाही. त्या स्कॅनरला टॉवरचा आवाज जेमतेम शहराच्या वेशीपर्यंत ऐकू येतो. मुलाच्या घरी तो नुसता खरखरेल. म्हणजे लेकीचा आवाज कानावर पडायचा तो आता शेवटचाच, विमान धावपट्टीवर उभं राहील आणि ती त्याला सोडेल तेव्हा. "उड्डाणाला परवानगी." एवढे दोन शब्द बाईंना हवे होते. आपण आईला निरोप देतोय हे लेकीला माहीत नसणार, पण बाईंना असणार होतं. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानायचं ठरवलं होतं.

विमानात खिडकीची जागा मिळाली. शेजारी टायवाला माणूस. त्याच्या मांडीवर लॅपटॉप, हातात फोन, कानात बिनवायरची बोंडं, मनगटावर उजळणारं घड्याळ. अंगावर एवढी यंत्रं लटकावून तो माणूस निवांत बसला होता आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं. दारं बंद झाली, विमान हललं, तेव्हा बाईंनी शालीखाली रेडिओ सुरू केला आणि एक इअरफोन कानात घातला. लेकीचा आवाज आला. दुसऱ्या कुठल्यातरी विमानाला ती थांबायला सांगत होती. आवाज ठणठणीत होता. बाईंनी डोळे मिटले.

"आजी, ते काय आहे?"

हवाई सुंदरी वाकून शालीकडे बघत होती. अँटेना बाहेर आली होती.

"आजी कोणाला म्हणतेस? रेडिओ आहे."

"मॅडम, तो बंद करावा लागेल. विमानात रेडिओ लावायला बंदी आहे."

"मी बोलत नाहीये. मी फक्त ऐकतेय."

"ऐकायलाही बंदी आहे. ऐकणारा रेडिओसुद्धा स्वतः बारीक लहरी सोडतो. विमानाची यंत्रं त्याच पट्ट्यात चालतात. फोन फ्लाइट मोडवर चालतो, हा नाही चालत. पूर्ण प्रवासात नाही."

"आणि याचं?" बाईंनी टायवाल्याकडे बोट केलं. "याचं दुकान चालतं? ते कानातलं, हातातलं, मांडीवरलं? त्याला नाही का लहरी सुटत?"

"मला मध्ये घेऊ नका," टायवाला म्हणाला.

"मध्येच बसलायस तू!"

पोरगी चांगली होती. तिने पुन्हा समजावलं, हात पुढे केला. बाईंनी रेडिओ छातीशी धरला. त्यांना नियमाचा संताप आला होताच, पण त्याहून जास्त त्या हसतमुख आवाजाचा आला होता. "दोन मिनिटं दे मला. तिने परवानगी दिली की तुझ्या हातात देते, मग बुडव नाहीतर जाळ. तुझ्या त्या कोटाची कॉलर बघ. ती मी बसवलीय. इतकी वर्षं तुमचे कोट दाबले, मला दोन मिनिटं मिळत नाहीत?"

"तिने म्हणजे कोणी?"

"माझ्या मुलीने! टॉवरमध्ये आहे ती!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, बंद करा की! सगळ्यांचा खोळंबा!" बाईंनी वळून त्यालाही ऐकवलं. पोरीने पुढे जाऊन कॅप्टनला फोन केला. विमान वाटेतच थांबलं.

आणि मग बाईंच्या कानात, त्या एका इअरफोनमध्ये, कॅप्टनचा आवाज आला. तो टॉवरशी बोलत होता. बाईंच्या लेकीशी. "आमच्याकडे एक प्रवासी आहेत. वयस्कर बाई. स्कॅनर बंद करायला नकार देताहेत. आम्ही परत येतोय."

"परत सांगा," लेक म्हणाली.

"स्कॅनर. टॉवरचं बोलणं ऐकताहेत. म्हणतात, त्यांची मुलगी तिथे आहे."

पुढे काहीच आलं नाही. रेडिओवर इतकी शांतता बाईंनी कधी ऐकली नव्हती. ती गप्प झाली की कुणी ना कुणी वैमानिक मध्ये बोलायचाच, पण आत्ता कुणी बोललं नाही. बाईंना वाटलं, आता ती माझं नाव घेईल. काहीतरी म्हणेल.

"परत यायला परवानगी," लेक म्हणाली. सपाट आवाजात, बाकीच्या विमानांना सांगते तसंच. "सुरक्षारक्षक पाठवते."

बाईंनी स्वतःच इअरफोन काढला. रेडिओ बंद करून पोरीच्या हातात दिला. "घे. आता सोड विमान." पण कॅप्टनचं ठरलं होतं, आणि कॅप्टनचं ठरलं की ठरलं. लोकांच्या शिव्याशाप झेलत बाई शिडी उतरल्या. एकालाही उत्तर दिलं नाही. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

सुरक्षारक्षकांच्या खोलीत लोखंडी टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर, विमानात नेऊ नयेत अशा वस्तूंची चित्रं. रेडिओ टेबलावर पडला होता. अधिकारी विचारत होता आणि बाई भिंतीकडे बघत होत्या. स्वतःच्या पोटच्या पोरीने पोलीस बोलावल्यासारखे रक्षक बोलावले! तो राग कुणावर काढायचा, तेही समजत नव्हतं.

दार उघडलं. लेकच होती. आपल्या जागेवर दुसऱ्याला बसवून धावत आलेली, केस विस्कटलेले. अधिकाऱ्याला म्हणाली, "जरा बाहेर थांबता?" तो थांबला.

"फेकला होतास ना?"

"होता. परत उचलला."

"दोन वर्षं ऐकतेस?"

"ऐकते. काय करणार आहेस? अजून एक रक्षक पाठवणार?"

"पाठवीन! आई, तुला कळतंय का, भरलेलं विमान होतं ते? तुझ्या हट्टापायी यंत्रात काही बिघडलं असतं तर? तुझ्यासाठी वेगळे नियम आणू कुठून? तिथे कोणी पण असतं तर मी हेच म्हटलं असतं!"

"तेच तर! कोणी पण असतं तर! मी कोणी पण आहे का?"

लेक खुर्चीत बसली नाही. "कुठे निघाली होतीस?"

"दादाकडे. कायमची."

"कायमची?" तिचा आवाज एकदम चढला. "आणि मला कोण सांगणार होतं? दुकान गेलं ते मला दुसऱ्याकडून कळलं! लाज वाटली मला. सांगायचं नाही?"

"तू फोन केलास?"

"तू केलास?"

"तुझा आवाज ऐकायचा होता ग मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाच फुटला. "तिथे रेडिओ पोचत नाही. एकदाच ऐकायचा होता जाताना. एवढाच गुन्हा."

"माझा आवाज?" लेकीने रेडिओ उचलून आईपुढे आपटला. "हा माझा आवाज आहे? मी विमानांशी बोलते तो? तो कामाचा आवाज आहे, आई! तो मी इस्त्री करून घालते अंगावर! मागच्या वर्षी मी लग्न मोडलं ते ऐकलंस यावर? चार दिवस रडत होते, चारही दिवस कामावर होते, तेव्हा काय ऐकू आलं तुला? सर्दी?"

बाईंना वाटलं होतं सर्दी. अगदी तेच वाटलं होतं. गवतीचहाचा काढा घ्यायला हवा, असं त्या इस्त्रीला सांगत बसल्या होत्या. लग्न ठरलेलं होतं हेच त्यांना माहीत नव्हतं, मग मोडलेलं कुठून कळणार? त्यांच्या तोंडाशी उत्तर तयार होतं, नेहमीसारखं, चांगलं झणझणीत. त्यांनी ते गिळलं.

लेक बोलतच होती. कचेरीत कसे हसले ते, कपाटावर कुणी काय चिकटवलं ते, घराच्या भाड्याचं, त्या मुलाचं, आईचं, आईच्या आईचं. आवाज फाटत होता, वाक्यं अर्धी राहत होती. बाहेरच्या अधिकाऱ्याने दार किलकिलं करून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

मध्येच ती दमून थांबली.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढे बोल."