डब्यासोबत फोडलेले इंग्रजी शब्द

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्या. आठवीतच शाळा सुटली. पण चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीतला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून चार ढकलाढकली करत येतात!

मला हेल्परचा ऑपरेटर व्हायचं होतं. त्यासाठी साहेब मोठमोठे इंग्रजी शब्द घालून तोंडी प्रश्न विचारतात, आणि साहेब दिसले की माझी बोबडी वळते! आमचे फोर्कलिफ्टवाले सलीमभाई, त्यांची पोरगी शबाना फार्मसी शिकते. तिनं निरोप धाडला, "मोठे इंग्रजी शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असतात. पाठ करू नका, फोडा."

झालं! जेवणाच्या सुट्टीत रोज लेबलावरचा एक शब्द. ज्याला फुटणार नाही, त्यानं सगळ्यांचे डबे घासायचे.

*

एकदा पावडरच्या पोत्यावर 'हायड्रोफोबिक' आलं. हायड्रो म्हणजे पाणी, फोबिया म्हणजे भीती.

पॅकिंगचे महादेवमामा सांगोल्याचे. ते ओरडले, "म्हंजे आमची शेरडंच की! टिपूस पडलं की लई पळत्यात!"

*

पुढच्याच आठवड्यात फोर्कलिफ्टचं हायड्रॉलिक तेल कमी झालं. मामा बादली घेऊन हजर!

"हायड्रो म्हंजे पाणी न्हवं? मग तेल कशाला?"

सलीमभाईंनी सीटवरून उडीच मारली. "मामा, ठैरो! माझी गाडी पण हायड्रोफोबिक हाय!"

*

सेफ्टीच्या मीटिंगला साहेब तासभर बोलत होते. सलीमभाई माझ्या कानात पुटपुटले, "मोनो म्हणजे एक, टोन म्हणजे सूर. मोनोटोनस." साहेबांनी विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही साहेब, तुमचंच ऐकतोय!" सलीमभाई म्हणाले.

*

शेवटी माझी परीक्षा आली. रिॲक्टर, म्हणजे केमिकल मिसळायची मोठी टाकी, तिच्यासमोर साहेबांनी मला उभं केलं. दारात सलीमभाई आणि मामा.

"ह्यातली रिॲक्शन एक्झोथर्मिक आहे. म्हणजे काय?"

हा शब्द आम्ही कधीच घेतला नव्हता! पण तुकडे दुसऱ्या लेबलांवर भेटलेले. एक्झो म्हणजे बाहेर, थर्मो म्हणजे उष्णता. डोक्यात फटकन फुटला, पण तोंडातून आवाज निघेना.

"साहेब, त्याला येतंय, लाजतंय!" मामा दारातून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

मी वळलो. टाकीभोवती गार पाणी फिरवायचा व्हॉल्व्ह होता, तो आधी पूर्ण उघडला. मग मिक्सरच्या बटणाजवळ जाऊन उभा राहिलो.

"अरे, मी अर्थ विचारला!"

"साहेब, हाच अर्थ."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑपरेटर म्हणून पहिल्या पाळीला जायला, कंपनीची बस यायच्या तासभर आधीच मी बूट पुसून स्टॉपवर उभा होतो.