पिवळ्या रेघेपलीकडे अकरा मिनिटं

शनिवार, १८ ऑक्टोबर २०१४. हजर: मी गाडी चालवायला, शेजारी माझी आई, मागच्या सीटवर नऊ वर्षांची मुलगी. गैरहजर: नवरा, लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यात शनिवारच्या पाळीला.

कामं चार. न्यूरीतून पार्सल घेणं (चकलीचा पितळी सोऱ्या), मुलीचे शाळेचे बूट बदलून आणणं, माझ्या चष्म्याचा स्क्रू, सुपरमार्केटातून तीळ. दिवाळीला पाचच दिवस उरले होते.

आयर्लंडातल्या डंडॉकच्या आमच्या घरापासून न्यूरी वीस मिनिटांवर. पण न्यूरी उत्तर आयर्लंडात, म्हणजे दुसऱ्या देशात, ब्रिटनच्या हद्दीत. मध्ये ना फाटक ना चौकी. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळ्याची पांढरी होते आणि पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल येतात, एवढीच ती सीमा. पार्सलं आम्ही तिकडच्या पत्त्यावर मागवायचो, कारण बरेच विक्रेते इकडे पाठवतच नसत. माझा आणि मुलीचा पासपोर्ट आयरिश, त्यामुळे कोपऱ्यावर भाजीला जावं तसं आमचं जाणं-येणं. आईचा पासपोर्ट भारतीय आणि व्हिसा फक्त आयर्लंडचा. ती रेघ तिने ओलांडायची नव्हती. नियम मोडल्याची नोंद झाली असती तर पुढचा व्हिसा अवघड होता, आणि बाबा गेल्यापासून तिने वर्षातले तीन महिने आमच्याकडे राहायचं ही आमची घडी बसली होती.

म्हणून पद्धत ठरलेली. सीमेच्या अलीकडचा शेवटचा फाटा घ्यायचा, तिथल्या पेट्रोलपंपाच्या कॅफेत आईला चहा आणि शब्दकोडं देऊन बसवायचं, तासाभरात परत यायचं. आईला ते फारसं आवडत नसे. "तुझ्या यादीत मी कायम वाटेत ठेवायचं सामान," असं ती म्हणायची.

त्या सकाळी धुकं होतं. डोंगर पुसून टाकलेले, शेतांचे बांध अर्ध्यात संपलेले, मेंढ्या जमिनीपासून वीतभर वर तरंगत असल्यासारख्या. गाडीचा आवाजसुद्धा लांबून कुठून तरी येत होता. आई यादी हातात घेऊन भाजणीत धने किती घालायचे ते सांगत होती. माझं म्हणणं होतं की तिने मागच्या वर्षी वेगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, मागच्या वर्षी तुझ्याकडे उडीद जुने होते. मी त्या उडदांचा विचार करत राहिले. त्यांची बरणी, तिचं झाकण, ती ठेवली होती ते कपाट, इथल्या भाषेत प्रेस. रस्ता सरळ होता, मऊ होता, आणि आपण कुठेही चाललेलो नाही असं काहीसं सुख वाटत होतं.

मागून मुलगी शांतपणे म्हणाली, "मम, द लाइन इज व्हाइट."

रेघ पांढरी होती. फाटा कधी गेला ते मला कळलंच नव्हतं. पर्समध्ये फोन थरथरला. ब्रिटनमध्ये स्वागत असल्याचा संदेश असणार, तो मी पाहिला नाही.

आईने यादीची घडी घातली आणि दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, मांडी घातली. का, असं मी विचारलं नाही. पुढच्या फाट्यापर्यंत वळायला जागा नव्हती. धुक्यातून एक दगडी चर्च आलं आणि गेलं, मग एक लाल पत्रपेटी. आमच्याकडे त्या हिरव्या असतात. आई मान वळवून त्या पेटीकडे पाहत राहिली. चेहरा घाबरलेला नव्हता. कुणाच्या घरात चुकून शिरल्यावर भिंतीवरचे फोटो पाहून घ्यावेत, तशी ती बघत होती.

फाट्यावरच्या गोल चौकाला वळसा घालून मी परत निघाले. रेघ पिवळी झाली. थोड्या अंतरावर कडेला गार्डांची, म्हणजे पोलिसांची, गाडी उभी होती. ते लोक कधीकधी बस थांबवून कागद बघतात. कारमधल्यांनाही विचारतात. मी वेग कमी केला. काचेमागच्या माणसाने मान वर केली, दोन बोटं हलवली आणि पुन्हा कपातलं काहीतरी प्यायला. बस्स.

घरी आल्यावर मी घड्याळाचा हिशोब लावला. पलीकडे अकरा मिनिटं. चार कामांपैकी शून्य. सोमवारी मी एकटीच जाऊन सगळं उरकून आले, चकल्या झाल्या, नोव्हेंबरात आई परत गेली.

पुढच्या व्हिसासाठी अर्जासोबत तिच्या सहीचं पत्र लागतं. मी मसुदा करून पाठवला. तिसऱ्या परिच्छेदात नेहमीचं वाक्य होतं: मागच्या भेटीत मी व्हिसाच्या सर्व अटी पाळल्या. आई चौतीस वर्षं कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज तपासायची. तिचा फोन आला.

"हे वाक्य खोटं आहे."

मी म्हटलं, अगं अकरा मिनिटं, तीही गाडीतून न उतरता. शिवाय चूक माझी.

"मग तसं लिही. अकरा मिनिटं, गाडीतून न उतरता, मुलीच्या चुकीमुळे."

तसं लिहिलं तर कदाचित व्हिसा मिळणार नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. "माझ्या सहीने हे जाणार आहे," एवढंच ती म्हणाली, आणि नातीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं.

त्यानंतर मी त्या वाक्याचे सहा मसुदे केले. कुठल्यात मी नव्हतेच, कुठल्यात धुकं जास्त होतं. सही केलेला अर्ज, बँकेचे कागद, फोटो, निमंत्रण, सगळं क्रमाने लावून झालं आहे, यादीत बरोबरच्या खुणा झाल्या आहेत. पत्राचा तिसरा परिच्छेद लिहायचा राहिला आहे.