शेजारच्या टीव्हीतला म्होरक्या

आयुष्यात मला एका माणसाचा मनापासून हेवा वाटला, आणि तो माणूस चारशे वर्षांपूर्वी जपानात मेलेला होता. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जिवंत माणसं संपली वाटतं तुमची." पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या माणसानं माझा एकुलता एक श्रोता माझ्या घरातून उचलून नेला होता.

तेव्हा मी पोलादपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो आणि राहायला महाडात होतो. सकाळच्या एस.टी.त एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत पहिल्या पाळीचे कामगार दाटीवाटीनं उभे असायचे, ते उतरले की मला बसायला जागा मिळायची आणि पोलादपूर येईपर्यंत मी त्या दिवसाचा धडा मनात घोळवायचो. गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असा माझा समज होता. शाळेतली मुलं ऐकायची, पण त्यांना बाहेर जायची परवानगी नसायची, त्यामुळे ते काही खरं ऐकणं नव्हे. खरं ऐकणारी एकच होती, आमच्या शेजारची मुलगी.

आमची दोन बिऱ्हाडं एका भिंतीची. पलीकडे ती आणि तिची आई. वडील आखातात ट्रक चालवायचे आणि दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे. चौथीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी ती माझ्याकडे बसायला लागली. परीक्षा झाली, शिष्यवृत्ती मिळाली, तरी ती यायची थांबली नाही. संध्याकाळी मी शाळेतून येऊन पाय धुतो न धुतो तोच दारात उभी. "सर, पुढं?" आम्हाला मूलबाळ नाही. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट महाराजांच्या हेरांच्या नाईकाची होती. मीठवाल्याची गोष्ट म्हणायची ती. नाईक मीठ विकणाऱ्याच्या वेषात शत्रूच्या छावणीत शिरतो. गोणी घेऊन तंबूतंबूतून हिंडतो, आणि दिसलेल्या प्रत्येक तोफेमागं मिठाचा एक खडा कंबरेच्या कशात, म्हणजे कापडी पिशवीत, टाकतो. मग शिवथरच्या खोऱ्यातून खाली उतरतो, तर सावित्रीला पूर आलेला. नाईक उडी घेतो, पोहून अलीकडे येतो, कसा सोडून बघतो, तर आत नुसतं खारट पाणी! इथं मी थांबायचो आणि चहा मागवायचो. ती पाटावरून उठून माझा हात हलवायची. "सर, सांगा ना!" मग मी सांगायचो की खडे होते ते शत्रूनं पकडलं तर त्याला दाखवायला, खरा आकडा नाईकाच्या डोक्यात होता. आणि तसाच ओलाचिंब तो थेट महाराजांपुढं जाऊन उभा राहायचा. ही गोष्ट तिनं निदान पन्नास वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी कसा सोडताना तिचा श्वास अडकायचा.

ती सहावीत गेली त्या वर्षी गावचा कोणी सुट्टीवर आला आणि त्याच्या हाती तिच्या वडिलांनी एक खोकं पाठवलं. खजूर, साबणाच्या वड्या, एक जाड ब्लँकेट, आणि टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र. सोबत एकच सीडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाय धुऊन बसलो. चहा झाला. दिवेलागण झाली. शेवटी मीच पलीकडच्या दारात गेलो, तर तिची आई म्हणाली, "ती बसलीय टीव्हीपुढं, सर. जेवायलापन उठत नाय. आज काय ती येनार नाय."

आज नाही, उद्याही नाही. आठवडा गेला. भिंतीतून तलवारींचा खणखणाट यायचा आणि मधूनच तिचं ओरडणं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बायको म्हणायची, "लहान आहे, खेळेल आणि कंटाळेल." मीही तोंडानं तसंच म्हणायचो, आणि भाजी निवडताना सगळी कोथिंबीर देठासकट टाकून द्यायचो.

एका रविवारी राहवलं नाही, गेलो. तिनं मोठ्या उत्साहानं मला सतरंजीवर बसवलं आणि त्याची ओळख करून दिली. निन्जांचा, म्हणजे जपानच्या जुन्या हेरांचा म्होरक्या. डोक्यापासून पायापर्यंत काळा, तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. हातात साखळीला बांधलेला विळा. आपल्याकडे त्या विळ्यानं गवत कापतात, हा माणसं कापत होता, तीही एका फटक्यात वीस-पंचवीस. बोलायचा एखादाच शब्द, तोही घोगरा. आणि कुणी वेढलं की धुराचा लोट उडवून नाहीसा. आमच्या नाईकाला छावणीत शिरायला मिठाची गोणी वाहावी लागायची. हा भिंतीवरून नुसता सरकत जायचा.

"सर, हा पन हिस्टरीमधला हाय. खरा झालेला," ती म्हणाली. "बघा, लढाईआधी नकाशा येतो, सन येतो." आणि तिनं तीन लढायांचे सन मला घडाघडा म्हणून दाखवले. पुरंदरच्या तहाचा सन हिच्या डोक्यात बसावा म्हणून मी एक अख्खा पावसाळा घालवला होता. इथं मात्र जपानचे सन खेळता खेळता पाठ! नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ते काय असतं, ते मला त्या सतरंजीवर कळलं.

मी ठरवलं, याचं बिंग फोडायचं. बाजारपेठेत एक सायबर कॅफे नुकताच निघाला होता. तिथं शाळेची पोरं बसायची, त्यांच्यात मी डिक्शनरी घेऊन बसायला लागलो. एकेक पान उघडेपर्यंत माणसाची दाढी वाढावी असा तो कारभार. पण चार दिवसांत मला पाहिजे ते सापडलं. हा म्होरक्या मुळात चोरपावलांनी हिंडणारा नव्हताच. चांगला भालाईत सरदार होता, धन्याच्या पदरी उजळ माथ्यानं वावरणारा. धूर, विळा, भिंतीवरून सरकणं, हे सगळं नंतरच्या लोकांनी त्याला चिकटवलेलं. त्याचं खरं नाव झालं ते एका कामानं. त्याचा धनी परमुलखात मोजक्या माणसांनिशी अडकला, चहूकडून जिवाला धोका, तेव्हा यानं ओळखीच्या डोंगरवाटांनी त्याला सुखरूप घरी पोचवलं. बस, एवढंच. मी कागदावर सगळं टिपून घेतलं आणि लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

तिला बोलावलं. ती आली, कितीतरी दिवसांनी आमच्या पाटावर बसली. मी कागद वाचून दाखवला आणि वर म्हणालो, "म्हणजे तुझा तो गेमवाला सगळा खोटा. खरा माणूस दुसऱ्याला घरी सोडायला गेला होता, झालं!"

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग विचारलं, "सर, तुम्हाला हे कुठं मिळालं?"

"जिथं पुरावा असतो तिथं. इतिहासाला पुरावा लागतो."

"मग मिठाची गोष्ट कुठं लिहिलेली हाय?"

तिनं खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. मीच तशी सवय लावली होती. आणि ती गोष्ट कुठंही लिहिलेली नव्हती. नाईकाबद्दल बखरीत सापडतं ते बोटांवर मोजण्याइतकं. मीठ, कसा, पूर, हे सगळं माझं. एका दुपारी पोलादपूरहून येताना एस.टी. बंद पडली होती, तेव्हा रचलेलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी पोरांना दहा वेळा समजावून दिली असेल. त्या दिवशी ती मला समजली. पण कबूल कुठलं करतोय! "वरच्या वर्गात गेलीस की कळेल," असं म्हणून मी पेपर उघडला. ती उठून गेली. त्यानंतर ती दिसली की मीच मान वळवायचो. अकरा वर्षांच्या पोरीशी अबोला धरला होता मी. त्यावरून बायको जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मे महिन्यात तिचे वडील सुट्टीवर आले. मला वाटलं, आता दुसरी सीडी आली असणार. माणूस दोन वर्षांतून एकदा उगवतो, एक डबा पाठवतो, आणि माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात! त्यांचाही मला रागच होता. चार दिवसांनी दुपारी ते स्वतःच आमच्याकडे आले, खजुराचं पाकीट घेऊन. उन्हानं रापलेला, थोराड माणूस. खुर्ची समोर असून दारातल्या पाटावर बसला. पोरीचाच पाट तो.

"सर, एक इचारायचं होतं," ते म्हणाले. "पोरगी तुमच्याकडं येत नाय, असं ऐकलं. माझ्या त्या गेममुळं काय?"

मी म्हणालो, "छे छे, मुलंच ती." आवाज मात्र आंबट निघाला असावा.

ते हसले, मग हसता हसता थांबले. "सर, खरं सांगू? मी तो गेम तुमच्यावर जळून घेतला."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"दर जुम्म्याला मी फोन करायचो. कार्ड घालून, बूथच्या लायनीत उभा राहून. ही फोनवर आली की काय बोलनार? सर असं म्हनाले, सर तसं म्हनाले. किल्ला, नाईक, मीठ. अब्बा कसा हाय, हे इचारायला येळच नाय तिला. मला वाटायचं, च्यायला, बाप मी का हा मास्तर?" एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. "माफ करा हां. मग दुकानात गेलो. केरळचा पोरगा होता, त्याला बोललो, हिस्टरीवाला दे, किलेवाला दे, जासूसवाला दे. त्यानं हा दिला. काळा मानूस बघून मला वाटलं, हाच तुमचा नाईक असंल. म्हटलं, आता पोरगी माझ्याशीपन बोलंल."

आत बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"बोलते आता?" मी विचारलं.

"कुठं! खेळते, बोलत नाय." त्यांनी खजुराचं पाकीट उगाच सरळ केलं. "पन ती मिठाची गोष्ट, सर. ती मी फोनवर चार-पाच टायमाला ऐकली. मानूस पुरात उडी मारतो, कसा सोडतो, आत नुसतं पानी, आणि तिथंच कार्ड संपायचा. दर टायमाला तिथंच! ट्रक चालवताना डोक्यात तेच. आकडे गेले, आता राजाला काय सांगनार तो? पुढं काय झालं, सांगा ना."

"सांगा ना." अगदी तिच्यासारखं म्हणाले ते. किती महिन्यांनी मला कुणी गोष्ट मागत होतं. आणि खोटं कशाला बोलू, सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. मी घसा खाकरला सुद्धा. पण समोरच्या माणसाकडे बघितलं आणि लक्षात आलं, ही गोष्ट आता मी सांगितली तर चोरी ठरेल.

"मला नीट आठवत नाही," मी म्हणालो. "तिला विचारा. शेवट तिलाच ठाऊक आहे."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले.

मग मी जे केलं ते कुठल्याही मास्तरानं करू नये. मधल्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. पलीकडे तलवारी खणखणत होत्या. त्या बंद झाल्या. आधी त्यांचा आवाज, मग तिचा. छावणी झाली, तोफा झाल्या, सावित्रीचा पूर आला. ती कसा सोडायला आली तेव्हा थांबली, अगदी मी थांबायचो तिथंच, आणि तिनं आईकडे पाणी मागितलं! आणि पलीकडून एक थोराड माणूस ओरडला, "अगो, सांग ना!" मला बरं वाटलं असं लिहायला पाहिजे. पण खरं म्हणजे ते "सांग ना" माझ्या हक्काचं होतं, असंच मला वाटलं, आणि मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

मग तिनं सांगितलं, आकडे नाईकाच्या डोक्यात होते. इथपर्यंत गोष्ट माझी होती. माझा नाईक तिथून ओलाचिंब थेट महाराजांपुढं जातो. तिचा नाईक तसा गेला नाही.

"मग तो डोंगरवाटेनं आधी घरी गेला," ती म्हणाली. "त्याची पोरगी दारात उभी होती. तिला भेटला, कपडे बदलले, आणि मग राजाकडं गेला."

पलीकडे तलवारी पुन्हा वाजल्या नाहीत. याला पुरावा काय, असं मी तिला पुढंही कधी विचारलं नाही.