लग्नाची फिल्म, दोन भागांत

घटस्फोटाचे कागद कोर्टात दाखल झाल्यावर नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला राहायला गेला. सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. सामानाची वाटणी भांडण न होता झाली. काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. पुण्याला असलेल्या त्याच्या आईला आमच्या लग्नाची फिल्म हवी होती. मोबाईलवर त्यांना नीट दिसत नाही, टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पाहतात. आता कशाला, असं त्यानं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, माझी सगळी माणसं आहेत त्यात.

मी देते म्हटलं. डेटा साठवायच्या यंत्रणा सांभाळणं हीच माझी नोकरी.

फाइल सात जीबीची होती. पेनड्राइव्ह चांगला मोठा, रिकामा, तरी कॉपी होईना. आईंचा जुना टीव्ही ज्या पद्धतीचा पेनड्राइव्ह वाचतो, त्यावर चार जीबीहून मोठी फाइल बसतच नाही, जागा कितीही असो. ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना हे मीच समजावते. फाइल आवळून लहान करता आली असती, पण चेहरे धुरकट झाले असते. म्हणून दोन भाग केले.

सॉफ्टवेअरनं बरोब्बर मधोमध कापलं. पहिल्या भागाचा शेवट तपासायला लावला. पंगतीत मी उखाणा घेत होते, आणि त्याचं नाव यायच्या आत चित्र थांबलं. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. शेजारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग मी कापायची जागा पुढे सरकवली, नाव घेऊन होईपर्यंत, सगळे हसून होईपर्यंत. दुसरा भाग सूनमुखापासून सुरू केला.

रविवारी तो पेनड्राइव्ह न्यायला आला. चपला दाराबाहेर काढल्या. चहा नको म्हणाला. दोन फाइली कशाला, म्हणून विचारलं, तेव्हा मी कारण सांगितलं.

"तू पाहिलीस?" तो म्हणाला.

"कापलं तिथलं तेवढं."

त्यानं चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आठवड्याभरानं आईंचा फोन आला. दोन्ही भाग लागले, छान दिसले, म्हणाल्या. त्यातलं कोण आता कुठे असतं, कुणाच्या मुलीचं ठरलंय, हे बराच वेळ सांगत राहिल्या. आमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. शेवटी मी वेळेवर जेवते का, ते विचारलं.

"जेवते, आई," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"आई म्हणायचं सोडू नकोस गं," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. मीटिंगची वेळ झाली होती, लॅपटॉप उघडून बसले. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते आठवत नाही. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही.