फर्माईशीची गाणी

माझी मावशी भांडकुदळ म्हणून नात्यागोत्यात प्रसिद्ध. भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत कुणाला तिने सोडलं नाही. नोकरी मात्र निमूट ऐकण्याची. अनेक देशांनी मिळून थाटलेल्या एका ऑफिसात ती हेडफोन लावून शेजारच्या देशाचा रेडिओ ऐकायची आणि त्याचं भाषांतर टाइप करून द्यायची. त्या खोलीचा एक नियम होता. बातम्या आणि भाषणं उतरवायची, गाणी सोडायची. करमणुकीत कशाला वेळ घालवा?

त्या देशात एका जमातीविरुद्ध रोज विष ओकलं जात होतं. माझी थोरली मावशी त्याच जमातीत लग्न करून गेलेली. त्यामुळे ही जेवणाच्या सुट्टीतही हेडफोन काढत नसे, आणि म्हणूनच तिला कळलं. दुपारच्या फर्माईशीत तण उपटायचं एक जुनं गाणं सारखं लागायचं. निवेदक हसत हसत सांगायचा, हे अमुक गल्लीतल्या रहिवाशांसाठी. दुसऱ्या दिवशी ती गल्ली बेचिराख. एकदा योगायोग म्हणता येईल. दर वेळी?

मावशीने गाणी उतरवली, वर ‘वंशसंहार’ असं लिहिलं आणि कागद साहेबापुढे आपटले. साहेब मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं. त्याने सगळं वाचलं, तुमचं बरोबर आहे म्हणाला, आणि तो शब्द खोडून ‘अशांतता’ लिहिलं. कारण त्या सगळ्या देशांनी एका करारावर सह्या ठोकल्या होत्या, की वंशसंहार होतोय असं दिसलं तर तो थांबवणं आमचं कर्तव्य. शब्द लिहिला की सैन्य हलवावं लागणार. म्हणून शब्दच लिहायचा नाही. सैनिक सीमेवर ट्रकांच्या सावलीत पत्ते कुटत बसले होते आणि इकडे घोंगडं भिजत पडलं होतं. आता हीच मंडळी स्मारकापुढे माना खाली घालून सांगतात, आम्हाला कळलंच नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. करता येत नसेल, निदान चारचौघांत लाथ तरी घालावी.

एका दुपारी ते गाणं थोरल्या मावशीच्या गल्लीसाठी लागलं.

मावशी तडक साहेबाच्या खोलीत शिरली आणि त्याच्याच टेबलावरून तिने बहिणीला फोन लावला. आत्ताच्या आत्ता नीघ म्हणाली. थोरलीचा शेजारी गाडी काढत होता, तीत एक जागा होती. पण नवरा कामावर, घर उघडं. थोरलीचा पाय निघेना. एवढे तुमचे सैनिक सीमेवर आहेत, ते येणार नाहीत का, असं तिने विचारलं.

मावशीने रिसीव्हर साहेबापुढे धरला. “तुम्ही सांगा तिला. कुणी येणार नाही म्हणून सांगा.”

साहेबाने रिसीव्हर घेतला. आवाज अगदी मऊ केला.

“ताई, घाबरू नका. परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे.”

रिसीव्हरमधून थोरलीचा आवाज मावशीलाही स्पष्ट ऐकू आला.

“उपकार झाले, साहेब. मग शेजाऱ्यांना सांगते, तुम्ही व्हा पुढे.”

आणि मावशीने रिसीव्हर हिसकावून घेईपर्यंत तिने फोन ठेवलासुद्धा.